आवाज आला की शॉकअप बदल, हे आता बंद करा



या पानावर मी ऊस, कांदा आणि जनावरं सोडून सहसा दुसरं काही लिहीत नाही. आज मोटरसायकलवर लिहितोय. विषय सोडून चाललो असं कुणाला वाटेल, पण मला विचाराल तर आपल्या शेतातलं सगळ्यात जास्त राबणारं अवजार मोटरसायकलच आहे. ट्रॅक्टर आठवड्यातनं चार दिवस उभा असतो. गाडी एक दिवस उभी राहत नाही. सकाळी डेअरीला दूध, मग वैरण, मग खताची गोणी, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला विहिरीवर. आणि एवढं असून तिच्यावर काय खर्च होतो हे एकाही शेतकऱ्याच्या वहीत लिहिलेलं नसतं. माझ्याही नव्हतं. या वर्षी लिहिलं, आणि लिहिल्यावर डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

दिवाळीच्या सुमारास गाडीच्या मागच्या बाजूनं खट-खट आवाज यायला लागला. कारखान्याचा सीझन चालू झालेला, वस्तीपासून पाटसच्या हायवेपर्यंतच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी चाऱ्या पाडलेल्या. खड्ड्यातनं गेलं की खट, बाहेर निघालं की खट. मिस्त्रीकडं नेली. त्यानं सीटवर दोनदा दाबून बघितलं, गाडीवरनं उतरूसुद्धा दिलं नाही मला, आणि सांगितलं, "मामा, शॉकअप गेलेत." जोडीचे १,७५० आणि मजुरी २००. आठ दिवस गाडी शांत. नवव्या दिवशी परत खट.

दुसऱ्याकडं गेलो. तो म्हणाला शॉकअप नवेच दिसतात, चेन गेलीय. चेन किट १,२५०, मजुरी १५०. चेनचा खरखराट गेला हे खरं, पण खट होतं तिथंच. परत विचारलं तर म्हणाला शॉकअप डुप्लिकेट बसवलेत, भारीतले टाका. टाकले. २,३०० आणि २००. झाले किती? ५,८५०. दुधाच्या किती पगाराचा हा भाग झाला, ते ज्याचं त्यानं आपल्या डेअरीच्या स्लिपवर बघावं.

आणि मग माघात बारामतीहून येताना रोटी घाटात गाडीनं दाखवलं खरं काय ते. मागं मालकीण बसलेली, कॅरियरला बारामतीतनं घेतलेल्या सामानाची पिशवी. उतार, वळण, आणि शेजारनं एक ट्रक गेला. ट्रकचा वारा लागला म्हणा किंवा मी जरा ब्रेक लावला म्हणा, गाडीचं मागचं धूड एकदम बाजूला सरकल्यासारखं झालं. हँडल सरळ, पुढचं चाक सरळ, आणि मागचं चाक आपल्या मनानं चाललंय. आषाढी वारीला तुकोबांची पालखी ज्या घाटातनं चढते त्या घाटात मी त्या दिवशी मनातल्या मनात सगळे अभंग म्हणून घेतले. पडलो नाही. पण घरी येईपर्यंत मालकीण एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काय हे मला तीस वर्षांत कळलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी डबल स्टँडवर घेतली. पुतण्याला म्हणालो, मागचं चाक धर आणि डावी-उजवीकडं हलव. चाक हललं. मी खाली बसलो आणि चिमटा जिथं चेसीला जोडलेला असतो तिथं फटीवर बोट ठेवलं. "हलव." बोटाला टक. "हलव." परत टक. म्हणजे चाकाबरोबर सबंध चिमटा हलत होता. चिमट्याचा बोल्ट काढला तर आतली लोखंडी नळी गंजून एका बाजूनं खाल्लेली, आणि बुश एवढा सैल की नळी आत टाकली तर स्वतः होऊन खाली पडत होती. बुशचा सेट १९०, नवीन नट २०, मजुरी २५०. एकूण ४६०. खट बंद. आज चौथा महिना.

५,८५० आणि ४६०. ह्या दोन आकड्यांच्या मधे जे काही आहे त्याच्याशी माझं भांडण आहे.

"शॉकअप गेलाय" हे वाक्य आपल्याकडं इतकं सोपं झालंय की कुणी विचारतच नाही, कशावरनं? गेला म्हणजे काय गेलं? तेल गळालं, स्प्रिंग बसली, दांडी वाकली, का नुसतं डोळ्यातलं रबर गेलं? मागच्या बाजूला आवाज करणाऱ्या निदान दहा गोष्टी आहेत आणि त्यातल्या शॉकअप दोनच. बाकीच्या आठ त्याहून स्वस्त आहेत. कदाचित म्हणूनच त्यांचं नाव आधी निघत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्हीच सांगा. रोटाव्हेटर मागं डावी-उजवीकडं हेलकावे खायला लागला तर तुम्ही हायड्रॉलिकचा पंप बदलता का? नाही. तुम्ही खाली उतरता, लोअर लिंकच्या चेक चेन बघता, पिना बघता, बॉल झिजलेत का बघता. कारण तुम्हाला माहीत आहे की उचलणारी वस्तू वेगळी आणि बाजूला धरून ठेवणारी वस्तू वेगळी. मोटरसायकलचंही अगदी तेच आहे. शॉकअप चाकाला वर-खाली सांभाळतो. बाजूला सरकू देत नाही तो चिमटा आणि त्याचा बुश. दाराची बिजागरी सैल झाली तर कडी बदलून दार सरळ होत नसतं. मग गाडी डुलते म्हणून शॉकअप बदलणारा मिस्त्री आणि बदलू देणारे आपण, दोघांनीही ट्रॅक्टरवर जी अक्कल वापरतो ती गाडीवर का वापरली नाही?

मग नव्या शॉकअपनं आठ दिवस आवाज का बंद झाला, हे मलाही आधी कळत नव्हतं. नंतर लक्षात आलं. नवे शॉकअप ताठ असतात, त्यांची रबरं नवी असतात, ती चिमट्याला थोडं ओढून धरतात. रबरं सैलावली की झोल परत मोकळा. म्हणजे दुखणं गेलं नव्हतं, नुसतं दाबलं होतं. आणि बुशमधला झोल लहान असतो म्हणून त्याला लहान समजू नका. चिमटा लांब आहे. बुशपाशी अर्धा मिलिमीटर असेल तर चाकाच्या मागच्या कडेला तो तीन-चार पट होऊन येतो. घाटात मला जे जाणवलं ते हेच.

आता तपासायचं कसं ते सांगतो. ह्याला काही लागत नाही, डबल स्टँड, सपाट जागा आणि एक माणूस. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमधे, मागचं चाक जमिनीपासून उचललेलं.

पहिलं म्हणजे चाक मागनं धरून डावी-उजवीकडं हलवा. नुसतं हलतंय का एवढं बघू नका, काय काय हलतंय ते बघा. चाक हलतंय आणि चिमटा जागेवर आहे, तर व्हील बेअरिंग गेलं किंवा एक्सलचा नट सैल. चाक आणि चिमटा बरोबर हलतायत आणि चेसी जागेवर आहे, तर चिमट्याचा बुश किंवा बोल्ट. दुसऱ्या माणसाचं बोट त्या फटीवर पाहिजेच. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं.

मग चाक खालनं धरून हळू वर उचला. जोर लावायचा नाही. गाडी डबल स्टँडवर असताना शॉकअप पूर्ण लांब झालेला असतो, त्यामुळं चाक उचलताच लगेच स्प्रिंगचा विरोध हाताला लागला पाहिजे. आधी थोडं मोकळं वर जातं, टक होतं आणि मग स्प्रिंग लागते, असं असेल तर शॉकअपच्या वरच्या किंवा खालच्या डोळ्यातलं रबर खाल्लं गेलंय नाहीतर नट सैल आहे. हे रबर वेगळं मिळतं. त्याच्यासाठी सबंध शॉकअप टाकायची गरज नाही. काही ठिकाणी सांगतात मिळत नाही. दुसऱ्या दुकानात विचारा.

शॉकअप खरंच गेला का हे कळायला दोन खुणा. एक, गाडी स्टँडवरनं काढून सीटवर जोरानं दाबा आणि सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा वरखाली उड्या मारत राहिली तर आतलं तेलाचं काम संपलं, तिथं शॉकअप बदला, वाद नाही. दुसरी खूण, दांडीवर ओलं तेल आणि त्याला चिकटलेली माती. पण इथंही घाई नको. चेनला ऑइल मारलं की ते उडून डाव्या-उजव्या कुठल्याही शॉकअपवर बसतं. आधी फडक्यानं स्वच्छ पुसा, दोन दिवस गाडी चालवा, मग परत बघा. परत दांडीवरच ओलं झालं तर गळती.

आणि सगळ्यात पक्की तपासणी ही: गाडी डबल स्टँडवर ठेवून, चाकाखाली लाकडाचा ठोकळा देऊन दोन्ही शॉकअपचे खालचे नट काढायचे आणि शॉकअप मोकळे करायचे. मग चिमटा हातानं वर-खाली करून बघायचा, आणि बाजूला ढकलून बघायचा. आता मधे स्प्रिंग नाही, रबर नाही, कोणी झोल लपवणारं नाही. अडकत असेल, खरखरत असेल, बाजूला जात असेल, तर सगळं समोर दिसतं. एवढं करायला अर्धा तास लागतो. माझ्याकडं तीनदा गाडी खोलली गेली, शॉकअप दोनदा निघाले, म्हणजे चिमटा दोनदा मोकळा लटकत होता त्या मिस्त्र्यांच्या डोळ्यासमोर. हात लावून हलवायला काय पैसे पडत होते? स्प्रिंग मात्र घरी खोलायच्या नादी लागू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोंड फोडते.

बाकीचे आवाज पटापट सांगतो, कारण त्यात बुद्धी कमी आणि नजर जास्त लागते. डबल स्टँडची स्प्रिंग ताणून सैल झाली की खड्ड्यात स्टँड चेसीला आपटतो. अगदी शॉकअपसारखाच खट येतो, आणि स्प्रिंग किरकोळ पैशात मिळते. रस्त्यावर जाण्याआधी स्टँड काथ्यानं घट्ट बांधा, एक चक्कर मारा. आवाज गेला तर सापडला चोर. साडी गार्ड, नंबर प्लेट, मागचं मडगार्ड, सायलेन्सरचा मागचा बोल्ट, दुधाच्या कॅनची कडी, ह्यांचंही तसंच, एकेक हातानं दाबून धरा. आऱ्या सैल असतील तर स्क्रूड्रायव्हरनं एकेक वाजवून बघा, घट्ट आरी खणखणते, सैल आरी बद्द वाजते. गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना दणका बसतो तो चेन नाहीतर हबमधली रबरं. फक्त ब्रेक मारताना खट होत असेल तर ब्रेकच्या प्लेटला धरणारी जी पट्टी असते तिचा बोल्ट बघा, आणि तो आज बघा, उद्या नको. तो निघाला तर प्लेट फिरते आणि चाक जाम होतं.

चेनवर थोडं थांबतो. आपल्याकडं चेन "फिट" करून घ्यायची हौस आहे. ढिली चेन कव्हरला लागते, खर्र खट करते, म्हणून मिस्त्री ती तारेसारखी ताणून देतो आणि आपण खूश. पण मागं वजन बसलं की चिमटा वर येतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवरच ताणलेली चेन मग तुटायला बघते, बेअरिंग खाते आणि चिमट्याला वर येऊच देत नाही. मग गाडी आदळते. मग आपण म्हणतो शॉकअप गेला! आपल्या बहुतेक गाड्यांना मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर ढिलाई लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ते पुस्तक गाडी घेतल्या दिवशी पिशवीत घालून कपाटात टाकलंय ना, ते काढा.

कुईकुई आवाज येत असेल तर साबणाचं पाणी एकेका रबरावर टाकून बघा. जिथं टाकल्यावर आवाज थांबला तिथं दोष. पण जळकं ऑइल मारू नका. आणि आता माझीच चूक सांगतो. मी वर्षानुवर्षं गाडी डिझेल मारून धूत आलो. चिखल, ग्रीस, मळी, एका फवाऱ्यात साफ. डिझेलनं रबर फुगतं, मऊ पडतं, चिरतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण ट्रॅक्टरच्या नळ्यांवर डिझेल सांडलं की मी गड्यांवर ओरडतो. गाडीला मात्र स्वतः पाजत होतो. त्यात भर म्हणून चाळीस लिटरचा कॅन कायम डाव्या बाजूला. चाळीस लिटर दूध म्हणजे एक्केचाळीस किलोच्या वर, अधिक कॅन. एका बाजूला एवढं लटकवून रोज खड्ड्यातनं नेलं तर चिमटा पिळला जाणारच. आता दोन बाजूला दोन वीस-वीस लिटरचे करतो.

वजनाचंही बोललं पाहिजे, नाहीतर सगळा दोष मिस्त्रीवर ढकलल्यासारखं होईल. माझ्या गाडीच्या पुस्तकात चालवणाऱ्यासकट १३० किलो लिहिलंय. मी ७४ किलोचा. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, म्हणजे एक गोणी आणि मी, ११९. बसतं. दोन गोण्या टाकल्या की १६४. आणि आपण दोन टाकून वर पोरगं बसवतो. कायद्यात चालवणाऱ्यामागं एकच माणूस बसवायची परवानगी आहे, मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम, पण वैरणीच्या भाऱ्याला कुठलं कलम लागत नाही असं आपण समजतो. मी काही उपदेश करत नाही, उद्या मलाही दोन गोण्या आणाव्या लागतील. फक्त दोन गोण्यांची गाडी आणि एका माणसाची गाडी यांची तपासणी एकाच वेळेला नको, एवढं म्हणतो. आपल्या गाडीचा बुश शहरातल्या बाबूच्या गाडीपेक्षा लवकर जाणार, तर आपण लवकर बघायचा.

ज्याच्याबद्दल मला खरा राग आहे ते पुढं आहे. शॉकअप "बसतो" म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत टायरचे तुकडे कोंबायचे. जुन्या ट्यूबचे गोळे कोंबायचे. कुणी तर आत दुसरी स्प्रिंग घालून देतो आणि वर "हेवी केला" म्हणून पैसे घेतो. अरे बाबांनो, स्प्रिंग दबायलाच असते! ती दबली नाही तर तो दणका जातो कुठं? चेसीला जातो, शॉकअप जिथं टांगलाय त्या वेल्डिंगला जातो, तुमच्या कंबरेला जातो. मग चेसीला चीर पडते, मग गावातला वेल्डर त्यावर पट्टी मारून देतो, आणि पट्टीच्या शेजारी दुसरी चीर पडते. अशी गाडी मी पाहिली आहे, आणि ती अजून हायवेला चालतेय. शॉकअपच्या खाली जी खाचांची रिंग असते ती फिरवली की स्प्रिंग थोडी आधीच दाबून बसते, मागनं गाडी उंच राहते. वजन न्यायचं असेल तर ती दोन्हीकडं सारख्या खाचेवर वाढवावी. माझी गाडी तिसऱ्या मिस्त्रीकडनं आली तेव्हा डावीकडं चौथ्या खाचेवर आणि उजवीकडं दुसऱ्या खाचेवर होती. कॅन डावीकडं असतो म्हणून केलं म्हणे. ही हुशारी आहे का? रिंगनं गाडी उंच होते, तिची वजन पेलायची ताकद वाढत नाही.

आणखी एक हुशारी. बुश झिजलाय हे कळलं तरी बदलायचा नाही, चिमट्याचा नट पान्ह्याला पाईप लावून आवळायचा. मंडळी, नट आवळून झोल जात नाही. नट आतल्या नळीला चेसीत दाबतो, झोल असतो नळी आणि बुशच्या मधे. आवळून बोल्टाचे आटे जातात, बाकी काही नाही. बदलायचाच. बोल्ट गंजून बसला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल टाकून ठेवा, नट टोकाला लावून मग ठोका, नाहीतर आटे चेपतात. नवा बुश हातोडीनं मारू नका. लांब बोल्ट, दोन मोठे वायसर, आणि आवळत आवळत आत ओढून घ्या. लोखंडी किंवा नायलॉनचा बुश असेल तर ग्रीस लावा. रबराचा भरीव बुश असेल तर ग्रीस नको, आणि त्याचा नट शेवटचा आवळताना गाडी स्टँडवर नको, चाकांवर उभी पाहिजे. स्टँडवर चिमटा खाली लोंबलेला असतो. तसाच आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. नट नायलॉनवाला असतो, तो नवाच घाला. आणि शेवटी चेनच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत ना बघा.

आता दुसरी बाजू, कारण ती मला ऐकावी लागली. बुश बदलून दिलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला मी तावातावानं म्हणालो, तुमची जातच लुटारू. त्यानं हात पुसत विचारलं, "मी अर्धा तास बघितलं असतं आणि स्टँडची स्प्रिंग बदलून दिली असती, तर तू मला किती दिले असतेस?" मी गप्प. "वीस रुपये टेकवले असतेस, नाहीतर चहा पाजला असतास. शॉकअप बदलला तर न बोलता दोन हजार काढतोस." खोटं काय होतं त्यात? मी पार्टचे पैसे देतो. बघायचे देत नाही. डोळे, बोटं आणि डोकं वापरल्याचे पैसे द्यायला माझा हात खिशात जात नाही. मग ज्याला घर चालवायचंय तो पार्टच विकणार. निदान करून तो उपाशी मरेल.

आणि हे वाचणाऱ्या कृषी पदवीधरांनो, तुमच्याकडंही हेच चाललंय, म्हणून हे तुमच्यासाठीही आहे. आपल्या दौंड भागात कालव्याच्या कडेच्या रानात उसावर केवडा पडला की काय होतं? शेतकरी पान खिशात घालून औषधाच्या दुकानात जातो. दुकानातनं फेरस, झिंक, ह्युमिक आणि वर एखादं टॉनिक येतं. रानात कोणी येत नाही. जमीन चुनखडीची आहे का, पाणी साचलंय का, ठोंब उपटून पांढरी मुळी पांढरी आहे का काळी पडलीय, का खाली हुमणी बसलीय, हे बघायला रानात पाय ठेवावा लागतो आणि कुदळ मारावी लागते. पान पिवळं दिसतं म्हणून पानावर फवारा, आवाज मागनं येतो म्हणून शॉकअप. दोन वर्षांपूर्वी मी माझ्याच खालच्या रानात तीन फवारे मारले होते, आणि शेवटी दोष होता तुंबलेल्या चराचा. चर उकरायला दोन गडी आणि एक दिवस. त्या वेळचा हिशोब वहीत नाही, म्हणून सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, सल्ला फुकट मागणारा शेतकरीच. बरोबर आहे. दुकानातला सल्ला फुकट असतो कारण त्याची किंमत बाटलीत धरलेली असते. म्हणून मी आता उलटं सुरू केलंय. त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सांगितलंय, दर तीन महिन्यांनी गाडी आणणार, अर्धा तास बघायचे १०० रुपये, काही निघालं नाही तरी १००. पार्ट लागला तर जुना पार्ट माझ्या हातात द्यायचा, आणि तो कशावरनं गेला ते मला बोट लावून दाखवायचं. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा त्यानं स्वतःहून चाक हलवून दाखवलं आणि व्हील बेअरिंग आता चांगलं आहे, पावसाळ्यानंतर बघू, असं म्हणाला. "बघू" म्हणणारा मिस्त्री मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

तुमच्यातला कोणी उसाचं रान बघायला असंच यायला तयार असेल, पैसे घेऊन, काही न विकता, तर या. कुदळ मी देतो.

खालच्या आळीतल्या एका पोराच्या गाडीला कालपासून खट-खट येतंय. त्याला शॉकअपची जोडी सांगितलीय म्हणे. उद्या डेअरीहून आल्यावर माझ्या ओट्यासमोर आण म्हणालोय, डबल स्टँडवर घेऊ. त्याच्या स्टँडची स्प्रिंगच मला लांबनं लोंबलेली दिसतेय, पण बोट लावल्याशिवाय सांगणार नाही.